अळणी पाव

"तू आज नुसती बसून राहा," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पथ्यबाईच्या हातातली सुरी काढून घेतली. "जन्मभर इस्पितळासाठी रांधलंस. आता दोन दिवस माझ्या भावासाठी मला रांधू दे."

ऐकायला हे प्रेमाचंच होतं. पण पथ्यबाईला नणंदेच्या वाक्यातलं कुसळ शोधायची सवय होती आणि ते तिला लगेच सापडलं. जन्मभर इस्पितळासाठी, म्हणजे घरासाठी नाही. ती स्टूल ओढून स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बसली.

अक्का शनिवारी सकाळीच दोन पिशव्या भरून आल्या होत्या. सफरचंदं, एक भला मोठा लाल भोपळा, केकची भांडी, लाकडी डाव, अगदी पीठ चाळायची चाळणीसुद्धा. जणू ह्या घरात भांडीकुंडी नव्हतीच. बाहेर झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती आणि सकाळच्या हवेत गारवा आला होता. ह्या दिवसांत एक शनिवार-रविवार अक्का भट्टी लावल्यासारख्या स्वयंपाकाला लागायच्या, हे सगळ्या नात्यात माहीत होतं. यंदा त्यांनी तो बेत भावाच्या घरी हलवला होता. भाऊ आजारातून उठला होता आणि त्याच्या अंगावर मांस चढवायचं होतं.

भाऊ म्हणजे कंट्रोलर. बसच्या आगारात ते कंट्रोलर होते, गाड्या पुकारायचे. नोकरी संपून काही वर्षं झाली, पण आवाज अजून फलाटावरून घरी आला नव्हता. त्यांनी चहा मागितला की शेजारच्यांना कळायचं. गेल्या महिन्यात त्यांचे पाय सुजले, मग दम लागायला लागला, आणि एका पहाटे ओठ निळे पडले तेव्हा त्यांना उचलून इस्पितळात न्यावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना काहीच सांगितलं नाही, सगळं पथ्यबाईला सांगितलं. हृदय थकलंय. मीठ बंद म्हणजे बंद. सोमवारी दाखवायला आणा. सूज परत चढली असेल तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि ह्या वेळी सुटले तसे पुढच्या वेळी सुटतील असं धरून चालू नका.

पथ्यबाई हे नावही इस्पितळातलंच. मोठ्या स्वयंपाकघराच्या मागे पथ्याचं छोटं स्वयंपाकघर होतं. तिची सगळी नोकरी तिथे गेली. बिनमिठाचं, बिनतेलाचं, मऊ, पातळ. पहिल्याच दिवशी मोठ्या आचाऱ्याने तिला बजावलं होतं, इथे जीभ घरी ठेवून यायची. चाखलं की हात मिठाकडे जातो आणि हात मिठाकडे गेला की वरच्या मजल्यावर कुणाचा तरी श्वास अडकतो. म्हणून तिथे चाखायची मनाईच होती. वासावरून, रंगावरून, बोटाला कसं लागतं त्यावरून ती रांधायला शिकली, आणि चांगली शिकली. पण घरी तिच्या भाजीत मीठ कमीच पडायचं. कंट्रोलर म्हणायचे, जीभ घरी ठेवून गेली ती हरवली.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर आपल्या उजव्या हाताशी काचेची मिठाची बाटली ठेवली होती, झाकणाला भोकं असलेली. ताट समोर आलं की आधी बाटली उपडी व्हायची, मग घास तोंडात जायचा. पाहुणे असले की वर विनोद व्हायचा. "आमच्या इस्पितळात भरती व्हायला चिठ्ठी लागत नाही, ताटावर बसलं की झालं." पाहुणे हसायचे, पथ्यबाईही हसायची. लग्नानंतर लवकरच एकदा तिने शेजारणीला चाखायला लावून सगळा स्वयंपाक बरोबर मिठाचा केला होता. कंट्रोलरनी सवयीने बाटली उपडी केली, पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि खारट म्हणून ताट सरकवलं. त्या दिवशी तिला कळलं की ते तिचं रांधलेलं चाखतच नाहीत. पुन्हा तिने तो खटाटोप केला नाही.

रविवारी तिची हटकून ड्यूटी असायची. मग कंट्रोलर लेकीला घेऊन अक्कांकडे जेवायला जायचे. संध्याकाळी लेक पेंगत घरी यायची तेव्हा तिच्या केसांना अक्कांच्या ताज्या पावाचा वास यायचा. पथ्यबाईला त्या वासाचा राग यायचा. वास खरोखरच चांगला होता, ह्याचा त्याहून जास्त राग यायचा.

तर आता दिवस असे फिरले होते की अळणी खाण्यावाचून कंट्रोलरना गत्यंतर नव्हतं आणि ते करणारी बाई घरातच होती. कुणाला वाटेल, आता तरी तिचे दिवस आले. ते काही आले नाहीत. कंट्रोलर दोन घास खायचे आणि चमचा ठेवून द्यायचे. गळ्याची हाडं वर आली होती. मिठाची बाटली तिने कपाटावर ठेवली होती. ते जेवता जेवता तिकडे बघायचे.

शनिवारभर अक्कांनी रांधलं आणि पथ्यबाईने पहारा दिला. भोपळ्याचं सूप झालं, बटाटे भाजून झाले. केकच्या पिठात अक्का सोडा घालायला निघाल्या तेव्हा पथ्यबाईने त्यांचा हात धरला. सोडाही त्यांना मिठासारखाच, तोही चालत नाही.

"मग केक फुगायचा कसा?" अक्का म्हणाल्या. "तुझ्या धाकानं?"

बाहेरच्या खोलीतून कंट्रोलरचं हसू ऐकू आलं. पुष्कळ दिवसांनी ते हसले होते, म्हणून पथ्यबाईने ते सोसलं. तिने अंडी घेतली आणि खांदा भरून येईपर्यंत फेटली. केक त्या फेसावर फुगला. वर सफरचंदाच्या फोडी अक्कांनी लावल्या आणि केक अक्कांचा झाला.

पण सूप काही कुणाच्या धाकाने चवदार होईना. कंट्रोलरनी एक चमचा घेतला आणि वाटी सरकवली. "अक्का, तुझ्या हाताला पण हिची हवा लागली," ते म्हणाले. अक्कांचा चेहरा पडला. आजवर त्यांच्या हातचं कुणी सरकवलं नव्हतं. पथ्यबाईला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली, कारण वाटी तशीच भरलेली होती आणि माणूस उपाशी होता.

रात्री आवराआवर करताना अक्का हळूच म्हणाल्या, "चिमूटभर मिठानं माणूस मरत नाही गं. उपाशी राहून मरतो." पथ्यबाईने त्यांना सांगून पाहिलं की त्या चिमटीचंच पाणी होऊन पायात उतरतं, मग छातीत चढतं. अक्कांनी मान डोलावली. ती मान ऐकणाऱ्याची नव्हती. पथ्यबाईला शंका आली होती, पण नणंदेच्या पिशव्या उचकणं बरं दिसत नाही, म्हणून तिने त्या उचकल्या नाहीत.

रविवारी सकाळी पावाचं पीठ तिने स्वतः मळलं. पाव तिचा, असं तिने अक्कांना बजावलं होतं. इस्पितळात बिनमिठाचे पाव तिने इतके केले होते की झोपेतही केले असते. बिनमिठाचं पीठ मोठं घाईचं असतं. त्याला आवरायला मीठ नसतं, त्यामुळे ते भराभर फुगतं, हाताला चिकटतं आणि लक्ष दिलं नाही तर वर येऊन बसकण मारतं. पातेलं ओल्या फडक्याने झाकून तिने शेगडीजवळ ठेवलं आणि ती लेकीला आणायला बसथांब्यावर गेली. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि एका दिवसासाठी येत होती.

बस उशिरा आली. थांब्यावर उभ्या पथ्यबाईला एकच काळजी, पीठ आतापर्यंत पातेल्याबाहेर आलं असेल. घरी पोचल्यावर लेकीला आंघोळीला पाठवून ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि तिने फडकं उचललं.

पीठ पातेल्याच्या निम्म्यावरही आलं नव्हतं. वरून गुळगुळीत आणि घट्ट दिसत होतं. तिने बोट दाबलं. बोटाला चिकटलं नाही, खड्डा सावकाश भरून आला. तिने चाखलं नाही, चाखायची गरज नव्हती. कुणीतरी हे पीठ पुन्हा मळलं होतं आणि मळताना त्यात मीठ घातलं होतं, चिमूटभर नव्हे, चांगलं चवीपुरतं.

बाहेरच्या खोलीत अक्का सफरचंदं सोलत होत्या. "दमली असशील, चहा टाकू का?" त्यांनी आतल्या बाजूला विचारलं. इतक्या वर्षांत अक्कांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं. पाठोपाठ कंट्रोलरचा आवाज आला, "पाव कधी होणार?" आणि हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. म्हणजे दोघांनाही माहीत होतं. भाऊबहीण मिळून बसले होते आणि ती घरात नव्हती तेवढ्यात हे झालं होतं.

पातेलं उचलून बाहेरच्या खोलीत दोघांच्या मध्ये आदळावं असं वाटलं. पण पुढे काय होईल हे तिला पाठ होतं. अक्का रडतील, कंट्रोलर ओरडतील, सगळ्यांची जेवणं राहतील. आणि उद्या कागदाच्या पुडीतून मीठ येईल, सदऱ्याच्या खिशातून येईल. इस्पितळात तिने उशीखाली मीठ लपवणारे रोगी पाहिले होते आणि त्यांना ते आणून देणारे आईबाप, बायका, लेकरंही पाहिली होती. सगळे प्रेमानेच आणायचे. पकडलेला रोगी सुधारत नाही, नुसता हुशार होतो.

तिने पुन्हा पीठ घेतलं. कोमट पाणी, खमीर, थोडं लिंबू. लिंबाने मिठाची उणीव जराशी झाकली जाते, ही पथ्याच्या स्वयंपाकघरातली युक्ती. बिनमिठाचं पीठ घाईचं म्हणून ह्या वेळी उपयोगी पडलं. मागून येऊन त्याने खारट पिठाला गाठलं आणि दोन्ही पाव एकदमच भट्टीत गेले. बिनमिठाच्या पावाचं कवच पांढुरकं राहतं, तेवढ्यावरून अक्कांनी ओळखलं असतं. म्हणून त्यावर तिने साखर घातलेलं दूध दोनदा फिरवलं. भट्टीतून निघाले तेव्हा दोन्ही पाव सारखेच तांबूस होते. अक्का मधे एकदा दारात डोकावून गेल्या. दोन पाव बघून त्या खूश झाल्या, पीठ चांगलंच वाढलं म्हणाल्या.

दुपारी चौघं जेवायला बसली. कंट्रोलरच्या वाट्याचे काप वेगळ्या ताटलीत होते. इस्पितळातही तसेच यायचे, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटलं नाही. बाकीचा पाव मध्ये ठेवला होता. कंट्रोलरनी काप उचलला. उजवा हात जुन्या सवयीने टेबलावर बाटली शोधायला गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, मग घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले.

"वा," ते म्हणाले. "ह्याला म्हणतात पाव."

पथ्यबाईच्या हातातला डाव थांबला. एवढ्या वर्षांत हे शब्द ऐकायला मिळतील म्हणून तिने काय काय केलं होतं. आणि ते आले तेव्हा कंट्रोलर अक्कांकडे तोंड करून बसले होते.

अक्कांनी मधल्या पावाचा घास घेतला. त्यांना स्वतःचं मीठ बरोबर लागलं आणि त्यांनी समाधानाने खाली बघितलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी दोन मांजरं टेबलाला बसली होती. कंट्रोलरनी दुसरा काप घेतला, मग तिसरा. सूपसुद्धा त्यात बुडवून संपवलं. पोट भरल्यावर त्यांना विनोद सुचला.

"बघ, शिक जरा," ते बायकोला म्हणाले. "हाताला चव असली की बिनमिठाचा पण असा होतो." आणि त्यांनी अक्कांना डोळा घातला.

लेकीने हात लांबवला आणि बापाच्या ताटलीतला कडेचा तुकडा उचलला. लहानपणापासून पावाची कड तिची असायची. तिने तो तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. आपल्या ताटलीतल्या कापाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. पथ्यबाई सूप वाढत होती. तिने नको अशी मान अगदी थोडी हलवली. लेकीने घास गिळला.

"छान झालाय," ती म्हणाली. ती आईकडे बघूनच बोलली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना लेकीने दार लोटून घेतलं. काय झालं ते पथ्यबाईने थोडक्यात सांगितलं. लेकीचे कान लाल झाले. आत्ता बाहेर जाऊन सांगते म्हणाली, बाबांना कळू दे कुणाच्या हातचं खाल्लं ते.

"कळलं तर उद्यापासून त्याच पावाला चव राहणार नाही," पथ्यबाई म्हणाली. "आज जेवले ना ते? मग झालं."

"आणि तू?"

पथ्यबाईने पातेलं विसळलं, पालथं घातलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मला वाटायचं माझा हात वाईट आहे. इतकी वर्षं वाटायचं. हात वाईट नव्हता गं. त्यांना माझ्या हातचं नकोच होतं." ती रडली नाही. लेकीच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने लहानपणीच्या रविवारांबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पथ्यबाईने तिच्या हातात पुसायचं फडकं दिलं आणि ताटल्या दाखवल्या.

संध्याकाळी अक्का निघाल्या. त्यांची केकची भांडी पथ्यबाईने घासूनपुसून पिशवीत भरून दिली. दाराशी अक्कांनी तिचा हात घट्ट धरला. त्यांच्या आवाजात कापरं होतं. "रागावू नको माझ्यावर. तो जेवला गं आज पोटभर." त्या खरंच रडवेल्या झाल्या होत्या. भावावर त्यांची माया होती आणि त्या मायेपोटी त्यांनी त्याला मारायला घेतलं होतं. पथ्यबाईला त्यांचा मनापासून तिरस्कार करायचा होता, पण तो जमेना, आणि त्याचंही तिला वाईट वाटलं.

"अक्का, पुढच्या रविवारीही या," ती म्हणाली. "पीठ मी भिजवून ठेवते. पुढचं तुम्ही बघा." अक्कांनी तिच्याकडे जरा दचकून पाहिलं. पण पथ्यबाईचा चेहरा इस्पितळात तयार झालेला होता, त्यावर काही सापडत नसे.

"ये गं नक्की," कंट्रोलर आतून गरजले. "तू आलीस की घरात चव येते."

सोमवारी डॉक्टरांनी कंट्रोलरच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि सोडला. खड्डा राहिला नाही. सूज चढली नव्हती, दमही लागत नव्हता. पथ्यबाई, तुमच्या हाताखाली आहेत म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. असंच चालू ठेवा. ती नुसती हसली. कंट्रोलर वाटभर आपल्याशीच हसत होते. घरी आल्या आल्या त्यांनी अक्कांना फोन लावला आणि आवाज हळू केला. पण त्यांचा हळू आवाजही स्वयंपाकघरापर्यंत यायचाच.

"अगं, मीठ खाऊन गेलो आणि डॉक्टर म्हणतो पथ्य उत्तम. ह्या लोकांना काही कळत नाही. ना त्याला, ना आमच्या बाईसाहेबांना."

पथ्यबाई दुपारच्या सूपसाठी भोपळा चिरत होती. ती चिरत राहिली.

पुढच्या रविवारी अक्का सकाळीच आल्या. तोवर पथ्यबाईने दोन पिठं मळून ठेवली होती. कंट्रोलरचं पीठ खालच्या कपाटात मागच्या बाजूला, परातीखाली झाकून. दुसरं मोठ्या पातेल्यात, शेगडीजवळ, सहज दिसेल असं. तिने कपाटावरची काचेची बाटली काढली, पुसली, आणि पातेल्यामागे डब्यांच्या आडोशाला ठेवली. अक्कांना पिशवीत चाचपडत बसायला नको. मग तिने दुधाची किटली घेतली. दूध घरात होतं.

"थांबा हं, दूध घेऊन येते," तिने बाहेरच्या खोलीत सांगितलं. भाऊबहिणीने एकमेकांकडे पाहिलेलं तिने पाहिलं नाही असं केलं.

ती रस्त्याच्या टोकाला पिवळ्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. हवा गार होती. खांद्यावर एक पान पडलं, ते तिने झटकलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्या एका बाईने विचारलं, कुणाची वाट बघताय? कुणाची नाही, ती म्हणाली. पीठ ठेवलंय.

अक्कांचे गुडघे दुखतात, त्यांना उठायला वेळ लागतो. पीठ पुन्हा मळायचं, हात धुवायचे, फडकं होतं तसं घालायचं, जागेवर येऊन बसायचं. एवढं सगळं उरकलं असेल असं वाटल्यावर ती रिकामी किटली घेऊन परत फिरली. घराच्या पायरीशी थांबून तिने घसा खाकरला, आणि चपला जरा जोरात वाजवत आत गेली.